उतारावर घर सुटले तेव्हा
(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. या व्यासपीठावर आजवर मी चढले ती फार तर तिळगुळाचे तबक नाही तर गुलाबपाणी घेऊन. पण महाबळेश्वरच्या सहलीहून परतताना माझ्या हातून जो प्रकार घडला त्याची मंडळात पुष्कळ चर्चा झाली, आणि चिटणीसबाईंनी फर्मान काढले की आता तुम्हीच एकदा उभ्या राहून सगळे सांगून टाका. म्हणून उभी आहे.

ज्या सहलीला नव्हत्या त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाचगणी सोडून आपली गाडी पसरणीचा घाट उतरू लागली होती. भेंड्या रंगात आल्या होत्या. मला पुढच्या बाजूने जळका वास आला आणि इंजिनाचा आवाज ऐकू येईना. ड्रायव्हरने डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून नुसत्या ब्रेकवर सोडली होती. मी उठले, दांडे धरत धरत पुढे गेले आणि त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. अर्धा-पाऊण तास आपण तिथे उभ्या राहिलो. वाईच्या गणपतीचे दर्शन घाईत उरकावे लागले. त्यावरून काही जणींनी नाक मुरडले, आणि "यांना भारी मेली शिस्त" असेही शब्द माझ्या कानांवर आले. रागावले नाही मी. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटले असते. एकदा मी गप्प बसले होते, तेव्हा काय झाले ते आता ऐका.

२०१९ च्या जून महिन्यात मी लेकीकडे अमेरिकेत होते. ती कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराजवळ राहते. जावयांना आठ दिवसांची रजा मिळाली, तेव्हा शेजारच्या युटा राज्यात दगडांच्या प्रचंड नैसर्गिक कमानी आहेत त्या मला दाखवायच्या असे ठरले. आणि जायचे कसे, तर मोटारघरातून.

मोटारघर म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली अख्खी खोली. लांबी तीस फूट, म्हणजे आपल्या एसटीपेक्षा थोडी आखूड. आत ओटा, शेगडी, बेसिन, फ्रीज, झोपायला गाद्या, न्हाणीघर, सगळे काही. कपाटांना दारे आणि दारांना खटके. मला तर भातुकलीची आठवण झाली. पण या भातुकलीचे वजन साडेसहा हजार किलोच्या घरात. शंभर-दीडशे लिटर पाणी टाकीत भरलेले, त्यावर माणसे, त्यावर सामान, आणि माझे पोह्यांचे, भाजणीचे, लाडवांचे डबे. कालपर्यंत छोटी मोटार चालवणारा माणूस त्याच साध्या परवान्यावर आज हे घर चालवू शकतो, तिकडचा कायदाच तसा आहे. मला त्याचे नवल वाटले, आणि अजूनही वाटते.

गाडी भाड्याने देणाऱ्या गृहस्थाने आम्हाला सगळे समजावून दिले. संडासाची टाकी कशी रिकामी करायची यावर त्याने वीस मिनिटे घेतली. डोंगर कसा उतरायचा यावर एक शब्दही नाही. पहिल्याच सिग्नलला जावई म्हणाले, "ब्रेकचे पॅडल जरा खोल जातेय." त्यांनी फोन करून विचारले. उत्तर आले, मोठ्या गाड्यांचे असेच असते, सवय होईल.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल उंच. तिथून पश्चिमेला निघाले की रस्ता चढतच जातो, पण मध्ये फ्लॉइड हिल नावाची एक टेकडी ओलांडून खाली ओढ्याकाठी उतरावे लागते. त्या उतारावर मला पहिल्यांदा तो वास आला. इस्त्रीखाली लोकरीचे कापड करपले म्हणजे येतो ना, तसा, पण अधिक झणझणीत. मी इकडेतिकडे पाहिले. लेक नातीची वेणी घालत होती. जावई दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून बसले होते, आणि त्यांचा पाय ब्रेकवरून क्षणभरही उठत नव्हता.

आता भगिनींनो, मी रेल्वेच्या गार्डची मुलगी. कर्जतच्या रेल्वे चाळीत वाढले. घाटातून खाली आलेल्या गाडीच्या चाकांचा वास मला लहानपणापासून ठाऊक. ब्रेक तापले हे मला त्या क्षणी समजले होते. तरी मी बोलले नाही. जावयाला गाडी कशी चालवावी हे सासूने सांगायचे? त्यांनी आठ दिवसांची रजा काढली, हजारो डॉलर मोजले, ते कोणासाठी? माझ्यासाठी. मग त्यात आपण खोड काढायची? शिवाय तेवढ्यात उतार संपला, काचेतून गार वारा आला आणि वास गेला. गेला, म्हणजे संपला, अशी मी मनाची समजूत घातली.

पुढे जॉर्जटाउन नावाच्या जुन्या खाणगावात जेवायला थांबलो. साडेआठ हजार फुटांवर वरण शिजता शिजेना. तेवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळते पण पुरेसे तापत नाही, म्हणून डाळ कच्ची राहते. कुकर घरी राहिल्याबद्दल मी मायलेकींच्या नेहमीच्या पद्धतीने लेकीला बोलून घेतले. पाहा, कुकरबद्दल बोलायला मला मुळीच संकोच वाटला नाही. तिथे १८८४ साली बांधलेली एक छोटी रेल्वे आहे, चढ सोसावा म्हणून स्वतःच्याच रुळांवरून पुलाने वळसा घालून जाणारी. ती पाहून मला अण्णांची फार आठवण झाली. तासाभराने निघालो.

पुढचा चढ मोठा. गाडी धापा टाकत अकरा हजार फुटांवर गेली, आणि तिथे आयझेनहॉवर बोगदा लागला. १९७३ साली तो खुला झाला, लांबी पावणेदोन मैलांच्या आसपास. त्याच्या डोक्यावरून अमेरिकेचा पाणलोट जातो. अलीकडे पडलेले पाणी अटलांटिक महासागराकडे, पलीकडचे पॅसिफिककडे. जून महिना असून शिखरांवर बर्फ होते. नात टाळ्या पिटत होती. बोगद्यातून बाहेर पडलो आणि उतार सुरू झाला.

हा उतार कसा, तर दर शंभर फुटांना सात फूट. आपल्या बोरघाटातला रेल्वेचा चढ सदतीस फुटांना एक फूट, आणि तो केवढा अवघड मानतात. इथे चौदा फुटांनाच एक फूट, आणि खालचे सिल्व्हरथॉर्न गाव येईपर्यंत आठेक मैल सारखे तेच. दोन हजारांहून अधिक फूट खाली यायचे. बाजूने मालट्रक चालले होते, सगळे उजव्या पट्ट्यात, मागचे दिवे लुकलुकवत, बैलगाडीच्या चालीने. मला वाटले, बिचाऱ्यांच्या गाड्यांत काही बिघाड असेल. बिघाड नव्हता, ते जाणते होते. आम्ही डौलात त्यांना मागे टाकून चाललो होतो.

पुन्हा तो वास आला. या वेळी नातही म्हणाली, "आजी, काहीतरी जळतंय." लेकीने शेगडी तपासली. मी गप्प.

एवढ्यात उजवीकडे एक पाटी दिसली, आणि रस्त्यापासून फुटून डोंगरावर चढत जाणारी एक रुंद, करडी पट्टी. वर कुठेही न पोचणारी. मी विचारले, "हे काय गं?" लेक म्हणाली, "ट्रकचे ब्रेक गेले तर त्यांनी त्यात घुसायचं. ते ट्रकवाल्यांसाठी आहे." ती पट्टी मागे पडली.

मला मात्र एकदम घाटातली कॅच सायडिंग आठवली. तुमच्यापैकी कित्येकींनी आगगाडीतून जाताना ती पाहिली असेल. मुख्य रुळापासून फुटून एक आंधळा रूळ वर टेकाडात चढतो आणि तिथेच संपतो. लहानपणी मी अण्णांना विचारले होते, हा रूळ कोणत्या गावाला जातो? अण्णा म्हणाले, "कुठेच जात नाही. पण सांधा नेहमी त्याच्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी तिथे येऊन थांबली, म्हणजे ती ताब्यात आहे हे पटलं, की मगच तिला खालचा रूळ देतात. न थांबली तर ती आपोआप त्या टेकाडावर चढते आणि दमून उभी राहते." बोरघाटाची रेल्वे १८६३ सालची. गाडी हातची जाणार हे गृहीत धरूनच शहाण्या माणसांनी त्या घाटात सोय केली होती.

मी हे मनात घोळवत होते तेवढ्यात जावयांचा आवाज आला, अगदी हळू, "पॅडल खाली जातंय."

मी पुढच्या सीटच्या मागेच होते. त्यांचा पाय पॅडलसकट तळाला टेकलेला मी पाहिला, आणि गाडी मात्र तशीच पळते आहे. पन्नास मैलांची पंचावन्न झाली, पंचावन्नची साठ. म्हणजे ताशी जवळजवळ शंभर किलोमीटर. वळणावर कपाटाचे खटके सुटले, माझा पोह्यांचा डबा घरंगळत पुढे आला आणि सगळीकडे पोहेच पोहे. लेकीने नातीला कवटाळले. तिला आधीच पट्ट्याने बांधलेले होते ही देवाची कृपा. पट्टा लावायचा नाही म्हणून ती सकाळी रडली होती.

जावई घाबरले, पण गडबडले नाहीत, हे मी मोठ्या आवाजात सांगते. त्यांनी पॅडल भराभर दाबून सोडून पाहिले, चार-पाच वेळा. त्याने थोडा जोर परत आला आणि पुन्हा गेला. मग गिअरचा दांडा खाली ओढला. इंजिन असे किंचाळले की मला वाटले आता फुटते. पण त्या किंचाळण्यानेच वेग वाढायचा थांबला. कमी मात्र होईना. मग डाव्या पायाजवळचा उभ्या गाडीचा ब्रेक त्यांनी दाबला. तो निराळा असतो, तेलावर नव्हे, पोलादी तारेवर चालतो. तो एकदम आवळायचा नाही, नाहीतर मागची चाके अडकून गाडी आडवी होते. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. त्याने थोडा फरक पडला. पण तोही तापू लागला, आणि पुढे वळणापलीकडे ट्रकांची ती रांग.

तेव्हा दुसरी पाटी दिसली. त्या उतारावर असे दोन रस्ते काढून ठेवले आहेत. पहिला आम्ही सोडला होता. हा दुसरा, आणि याच्यानंतर खाली गाव.

जावयांनी तिकडे पाहिले आणि पुन्हा समोर पाहिले. पुढे त्यांनी मला सांगितले की त्या एका क्षणात त्यांच्या मनात तीन गोष्टी आल्या. पाटीवर ट्रक लिहिले आहे, आपण ट्रक नव्हे. गाडीची मोडतोड झाली तर अनामत रक्कम जाईल. आणि कदाचित पुढे उतार कमी होईल. भगिनींनो, माणूस मरणाच्या दारात हिशेब करतो तो असा. त्याला हसू नका, आपण सगळ्याच तो करतो.

मी ओरडले, "अरे, घाल त्या खडीत! उजवीकडे घाल!"

लग्नाला बारा वर्षे झाली होती. मी त्यांना कधी अरे-तुरे केले नव्हते. त्यांनी चाक वळवले.

दोन ट्रकांमधल्या फटीतून आम्ही त्या करड्या पट्टीत शिरलो. ती पट्टी म्हणजे खोलवर पसरलेली सुटी गोल खडी, सगळी एका आकाराची, म्हणजे ती एकमेकीत दाबून घट्ट बसत नाही आणि चाक त्यात रुतत जाते. पत्र्याच्या छपरावर गारा पडाव्यात तसा खालून आवाज आला, फक्त शंभरपट. सगळे अंग पट्ट्यावर ओढले गेले. जावयांनी चाक सरळ धरून ठेवले. तिथे वळवायला गेले की गाडी कलंडते. आणि मग, अण्णा म्हणाले होते तशी, गाडी दमली आणि उभी राहिली. अर्ध्या चाकांपर्यंत रुतलेली, नाक वर डोंगराकडे. धूळ खाली बसली. कोणी बोलेना. पहिली बोलली ती नात, "आजी, तुझे पोहे सांडले."

थोड्या वेळाने पोलीस आला. कोणाला लागले का, हे त्याने आधी विचारले. कोणाला काही नव्हते, माझ्या कोपराला खरचटले तेवढेच. ट्रकांसाठीच्या वाटेत शिरल्याबद्दल दंड किती, असे जावयांनी भीतभीत विचारले, तर तो म्हणाला, ब्रेक गेलेल्या कोणत्याही गाडीसाठी ती वाट आहे. दंड नाही. गाडी ओढून काढणाऱ्याचे पैसे मात्र भरावे लागले, आणि ते बरेच होते.

दुसऱ्या दिवशी गावातल्या गॅरेजवाल्याने ब्रेकचे तेल काढून दाखवले. कोऱ्या तेलाला मधाचा रंग असतो, हे काळ्या चहासारखे. त्याने जे सांगितले ते आपल्याला सहज समजण्याजोगे आहे. पॅडल दाबले की नळीतले तेल तो दाब चाकांपर्यंत पोचवते. तेल दाबले तरी आक्रसत नाही म्हणून हे काम होते. पण हे तेल हवेतले पाणी शोषून घेते, पावसाळ्यातल्या मिठासारखे. नेहमीच्या प्रतीचे कोरे तेल निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेले १४० अंशांच्या सुमारालाही उकळू शकते. वर्षानुवर्षे तेल बदलायचे नाही आणि उतारभर ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा, की चाकाशी ते उकळते आणि नळीत वाफ धरते. रंगपंचमीच्या पिचकारीत पाणी असले की दांडा दाबताच चिळकांडी उडते. आत हवाच असली तर दांडा नुसता आत जातो. आमचे पॅडल तसे तळाला गेले. आणि डोंगर उतरून गाडी गार झाली की वाफेचे पुन्हा तेल होते, पॅडल पूर्ववत. म्हणून तर जॉर्जटाउनला आम्हाला काही कळले नाही. वास गेला म्हणजे संकट टळले असे नसते, एवढे मला गार्डच्या मुलीला कळायला हवे होते.

गाडीच्या मालकांचे नाव घेण्यात अर्थ नाही. दोन महिन्यांच्या पत्रापत्रीनंतर भाडे परत मिळाले, ओढण्याचा खर्च नाही. त्या दगडी कमानी मी अजून पाहिलेल्या नाहीत.

त्या रात्री गावातल्या हॉटेलात मी जावयांपाशी कबुली दिली की मला वास सकाळीच आला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आई, तेव्हाच बोलला असतात तर मला कदाचित राग आला असता." खरे बोलले, म्हणून मला बरे वाटले. पण मला विचाराल तर त्यांचा राग मी पत्करायला हवा होता. सहा वर्षांची पोर गाडीत होती. मी तिच्या जिवापेक्षा माझा मान जपला, आणि त्याला संकोच असे गोड नाव दिले.

आता पसरणीच्या घाटाकडे येते. आपला ड्रायव्हर वाईट माणूस नव्हता. डिझेल वाचले की मालक शाबासकी देतो, हे त्याने मला मागाहून सांगितले. पण उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिनाची ओढ सुटते आणि सगळे ओझे ब्रेकवर येते. ज्या गिअरात घाट चढायचा साधारण त्याच गिअरात उतरायचा, आणि तो गिअर उतार लागण्याआधी घालायचा, मागाहून तो पडतोच असे नाही. ब्रेक लावायचा तो ठासून, वेग कमी झाला की सोडायचा, म्हणजे त्याला गार व्हायला सवड मिळते. सारखा हलका पाय ठेवून बसणे हे सर्वांत वाईट, आणि नवशिक्याला तेच सुरक्षित वाटते. उतारावर इंजिन बंद तर कधीच करू नये, चाक जड होते आणि ब्रेकचा जोरही जातो. तापलेल्या चाकांवर पाणी ओतायला काही जण निघतात, तेही नको, लोखंड तडकते. नुसते थांबायचे. अर्धा तास. भेंड्या पुढे चालू ठेवायला कोणाची हरकत नव्हती, हे त्या दिवशी मी म्हटलेही होते.

तुम्ही विचाराल, आम्हा बायकांना गाडी कुठे चालवायची आहे? आपल्यातल्या चार-पाच जणी तर आता रोज चालवतात. आणि बाकीच्यांना नाक आहे. भाजी लागली तर तिसऱ्या खोलीतून आपल्याला समजते. चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्याकडे असते, त्याला तो वास पुष्कळदा सर्वांत शेवटी येतो.

जाता जाता एक. मार्चच्या सहलीसाठी गाडी ठरवायची आहे, आणि कार्यकारिणीने ते काम माझ्या गळ्यात घातले आहे. मालकाला मी ब्रेकचे तेल कधी बदलले ते विचारणार आहे. तो हसेल, हसू दे. ज्यांना यायचे आहे त्यांनी पैसे कोषाध्यक्षीणबाईंकडे या पंधरवड्यात द्यावेत. आणि गेल्या खेपेस वाईच्या गणपतीला ज्यांना नीट डोके टेकवता आले नाही, त्यांच्यासाठी या वेळी तिथे पूर्ण एक तास ठेवला आहे.

स्वयंपाकघरातून चहा झाल्याची खूण करताहेत. मी थांबते.